बोटभर फट

गाडीच्या डिकीचा दरवाजा डावीकडून बोटभर उघडा राहायला लागला, त्या दिवसापासून त्रिशला जिथं दिसायची तिथं नसायची. दिसायची त्याच्या बोटभर डावीकडं असायची.

हे घरात पहिल्यांदा तिच्या नवऱ्याला, भरतेशला कळलं, तेही चहा देताना. त्यानं कप पुढं केला, तिनं हात पुढं केला, आणि कप त्या हातातून आरपार जाऊन फरशीवर फुटला.

"मी इकडं आहे की," त्रिशला म्हणाली.

त्यानं दुसरा कप भरला आणि तिच्या बोटांच्या जरा डावीकडं धरला. कप त्याच्या हातातून अलगद काढून घेतला गेला, तिच्या तोंडाच्या शेजारी हवेत थांबला, तिरका झाला.

"साखर कमी पडलीय," ती म्हणाली.

दरवाजा बिघडला त्या सकाळी ती सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, जैन बस्तीत देवाच्या दर्शनाला घेऊन निघाली होती. गाडी मोठी, एसयूव्ही, तिच्या हाताखालची रोजची. पण मागं घेताना गेटच्या खांबाला टेकली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पत्र्याला पोचा नाही, रंगाला ओरखडा नाही. फक्त वर उघडणारा तो मागचा दरवाजा बिजागरीत जरासा सरकला आणि खाली बसताना उजवीकडं घासून, डावीकडं फट ठेवून बसायला लागला. डावीकडं म्हणजे तिच्या डावीकडं नव्हे, गाडीच्या. गाडी पोर्चमध्ये ज्या तोंडानं उभी असायची त्या हिशेबानं ती बाजू शेजारच्या उपाध्यांच्या भिंतीकडची.

दुसऱ्या कुणाच्या नजरेला ती फट आलीही नसती. पण भरतेश मगदूमचं जयसिंगपुरात फोटोफ्रेमचं दुकान होतं. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, गेलेल्या माणसांचे हसरे चेहरे, सगळ्यांना चार बाजू आणि चार कोपरे देणं हे त्याचं काम. एखादा कोपरा केसभर गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसला तरी तो फ्रेम पुन्हा खोलायचा. त्यात हे गाव असं, की गल्ल्यासुद्धा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. वाकडं काही दिसलं की लगेच उठून दिसायचं.

घर हळूहळू सवयीला लागलं. कॉलेजात जाणारी चंदना आईच्या शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलायला शिकली. अण्णा नमस्काराला वाकलेल्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवताना तो न चुकता बाजूला ठेवायचे. त्रिशला स्वतः भाजी चिरायची, भाकऱ्या थापायची, आणि भाकरी तिच्या हाताखाली नाही तर हाताच्या कडेला मोठी होत जायची. तिला स्वतःला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं.

"तुम्हीच सगळे सरकलाय," ती म्हणायची. "मी आहे तिथंच आहे."

रात्री भरतेश तिच्या खांद्यावर हात ठेवायला जायचा आणि हात गादीवर पडायचा. "अजून थोडं," ती अंधारात सांगायची. मग काही दिवसांनी तिला सांगावं लागेना. त्याचा हात आपोआप तेवढी जागा सोडून जायला लागला. हात बरोबर पडतोय हेच त्याला बरं वाटेना. बायको जिथं दिसते तिथं तिला शोधायचं आपण बंद केलंय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या रात्री तो बराच वेळ जागा राहिला.

फट वाढत होती. त्यानं दुकानातून माउंट बोर्डाच्या पट्ट्या आणल्या होत्या, फोटोभोवती लावतात त्या. आधी फटीत दोन पट्ट्या घट्ट बसत. मग तीन बसायला लागल्या, मग चार, आणि नंतर नंतर पट्ट्या सुट्या पडून खाली घरंगळायला लागल्या. त्यांचा पलंग उपाध्यांच्या भिंतीला लागून होता आणि त्रिशला भिंतीकडं झोपायची. एका पहाटे ती म्हणाली, "माझा हात भिंतीत गेलाय."

"दुखतोय का?"

"नाही. गार लागतंय. आणि उपाध्यांकडं मिक्सर चालू आहे, तो कोपराला जाणवतोय."

तिचा हात त्याला पांघरुणावर दिसत होता. बांगड्यांचा आवाज मात्र भिंतीच्या आतून आला.

त्या दिवशी तो गाडी घेऊन गॅरेजला निघाला. सांगलीच्या रस्त्यावर पहिला खड्डा लागला तोच चंदनाचा फोन आला. तिचा आवाज अगदी हळू होता.

"पप्पा, परत या."

"काय झालं?"

"आई थरथरालीय. तुमची गाडी हादरली की तिला हिसका बसतोय. भिंतीतनं बाहेर येतीय, आत जातीय. तुम्ही थांबा तिथंच. नाहीतर हळू चालवत परत या."

तो चालत्या माणसाच्या वेगानं गाडी घरी घेऊन आला. गाडी पोर्चमध्ये उभी केली आणि ठरवलं, की आता ही इथून हलवायची नाही. जे करायचं ते घरीच, आपल्या हातानं.

रविवारी देवपूजा झाल्यावर त्यानं काम काढलं. दरवाज्याच्या कडांना रंग खरचटू नये म्हणून कागदी टेप लावला. छताच्या कडेचं रबरी बीडिंग ओढून काढलं, आतलं अस्तर बोटांनी खाली वाकवलं, तेव्हा बिजागऱ्यांचे बोल्ट दिसले. बिजागऱ्या आत्ता कुठं आहेत याची पेन्सिलनं पत्र्यावर खूण केली. चंदना दरवाज्याच्या उजव्या कोपऱ्याला खांदा लावून उभी राहिली. त्रिशला घराच्या उंबऱ्यात उभी होती, म्हणजे उंबऱ्यात दिसत होती. ती खरी जिथं होती तिथं चौकटीचं लाकूड होतं.

"पूर्ण काढू नका," ती लाकडातून म्हणाली. "नुसते सैल करा."

"तेच करतोय."

बोल्ट सैल झाले तसा दरवाजा जागचा सुटल्यासारखा झाला. भरतेशनं डावीकडून मऊ लाकडाची पाचर लावली, हातोडीनं हलके ठोके दिले. फट मिटत आली. चार पट्ट्या, तीन, दोन. शेवटी एकच पट्टी सगळ्या कडेनं सारखी सरकली, दुकानातल्या चांगल्या फ्रेममध्ये सरकते तशी. त्यानं बोल्ट आवळले.

उंबऱ्यात त्रिशलाचा पदर चौकटीला घासल्याचा आवाज झाला. ती चालत आली आणि तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात जिथं दिसला तिथंच लागला. गरम होता, पिठाचा होता. त्यानं तिची बोटं एकेक करून चाचपून पाहिली, जशी मोजायची असावीत.

"पप्पा," चंदना म्हणाली, "मला दरवाजा हाताला लागेना."

तिचा हात दरवाज्यावर दिसत होता. भरतेशनं उजवीकडं वाकून पाहिलं. उजव्या कडेला तळहात जाईल एवढी फट पडली होती. डावीकडची मिटवली, ती उजवीकडं निघाली होती, आणि निघताना मोठी होऊन निघाली होती.

त्रिशला लेकीकडं गेली. तिनं चंदनाला जवळ घेतलं आणि तिचे हात एकमेकांवरच मिटले. मग तिनं डोळे मिटले, आवाजाच्या अंदाजानं उजवीकडं चाचपलं, आणि तिला लेक सापडली. बाहेरून पाहणाऱ्याला ती हवेला मिठी मारून उभी दिसली असती.

"परत करा," ती भरतेशला म्हणाली.

"काय?"

"माझी फट मला परत करा. पोरीला कशाला? तिला जायचंय, यायचंय, रस्ता ओलांडायचाय. माझं काय, मी घरातच असते. आहे तसं करा."

"आई, असू दे," चंदना म्हणाली. तिचा आवाज पोर्चच्या कडेच्या तुळशीच्या कुंडीजवळून आला. "एवढं काही वाटत नाही. तुम्हीच सगळे लांब दिसताय."

भरतेशनं बोल्ट पुन्हा सैल केले. पेन्सिलची खूण जागेवर होती, पण बिजागरी त्या खुणेवर येईना. आणली की घसरायची, आवळली की उजवीकडं ओढायची. उजवीकडची फट तेवढ्यात आणखी रुंदावली आणि चंदना कुंडीच्या पलीकडं गेली. त्या बाजूला कंपाउंडची भिंत होती. भिंतीपलीकडं गल्लीचा रस्ता, आणि रस्त्यानं वाळूचा एक ट्रॅक्टर येत होता.

"पोरी, कुंडीला धरून बस," त्रिशला म्हणाली. "सोडू नको."

अण्णा पोर्चच्या तोंडाशी, हॉलच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. ऐंशी ओलांडलेले, कमी बोलणारे. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"भरतेश, डावीकडं तुझी बायको निघाली. उजवीकडं पोर निघाली. मग फट वर सरकव की. वरच्या बाजूला कोण आहे?"

"कोण नाही, अण्णा."

"मग झालं तर."

भरतेशनं त्यांच्याकडं पाहिलं. अण्णा शांत होते. ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला होता. त्यानं पाचर उजवीकडून मारली, आणि दरवाजा मध्यावर आला तसा तो दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. बाजूच्या दोन्ही फटी एकदम मिटल्या. वर, छताच्या कडेला, वीतभर जागा उघडी पडली. कुंडीजवळ काहीतरी धपकन झालं आणि चंदना जिथं दिसत होती तिथं खाली बसली. कोपर खरचटलेलं, हातात तुळशीची एक फांदी. ट्रॅक्टर गेटासमोरून गेला.

मग सगळ्यांनी हॉलच्या दाराकडं पाहिलं. अण्णा खुर्चीत बसलेले दिसत होते. पेपर मात्र त्यांच्या मांडीवर नव्हता. तो त्यांच्या डोक्याच्या पातळीला, हवेत घडी होऊन पडला होता.

"तुम्हाला माहीत होतं," त्रिशला म्हणाली.

"अंदाज होता," अण्णांचा आवाज वरून आला. "एवढं काही नाही. बरं दिसतंय इथनं. उपाध्यांच्या गच्चीवर पापड वाळत घातलेत."

त्रिशलानं आधी आत जाऊन हॉलच्या छताचा पंखा बंद केला.

अण्णांचं असं झालं, की ते थांबेनात. दरवाजा जड होता आणि सैल बिजागऱ्यांवर तो स्वतःच्या वजनानं खाली उतरत होता. बोल्ट कितीही आवळले तरी उतरतच होता. तो जेवढा खाली येई त्याच्या कितीतरी पट अण्णा वर जात. भरतेशनं जॅक लावला, खाली विटा रचल्या. विटा दबल्या. दुपार कलली तोवर खुर्चीतले अण्णा तोंड हलवत होते आणि आवाज थेट छताखालून यायला लागला होता.

अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नसत. लहानपणापासूनचा नेम. चंदना हॉलमध्ये स्टुलावर चढली, हातात ताट घेतलं, आणि छताखालच्या हवेत घास धरायला लागली. घास एकेक करून नाहीसे होत होते. खाली खुर्चीत अण्णांचा जबडा हलत होता. एक भाताचं शीत त्यांच्या खुर्चीतल्या खांद्यावर पडलं आणि त्यातून आरपार जाऊन खुर्चीच्या वेतात अडकलं.

"अजून देऊ का, आजोबा?"

"पुरे. स्लॅब लागालाय डोक्याला."

थोड्या वेळानं त्यांचा आवाज दबल्यासारखा झाला, तोंडावर उशी धरून बोलावं तसा. "आत गार आहे," ते म्हणाले. मग काहीतरी म्हणाले ते कळलं नाही. मग नुसतं खोकल्यासारखं ऐकू आलं, आणि छताच्या चुन्याचा पोपडा चंदनाच्या केसांवर पडला.

चंदना स्टुलावरून उतरली नाही. ती दोन्ही तळवे छताला लावून उभी राहिली. "पप्पा, लवकर काहीतरी करा," ती म्हणाली.

भरतेश पोर्चमध्ये आला. त्रिशला त्याच्यामागं आली. दोघं त्या उघड्या वरच्या कडेकडं बघत उभी राहिली. त्या फटीतून गाडीचा आतला काळोख दिसत होता.

"खालची बाजू राहिलीय," तो म्हणाला.

"खालची तुमची."

"होय."

"नको."

"ऐक. मी गाडीत बसतो. आतच, डिकीत. खाली जाऊन जाऊन कुठं जाईन? गाडीच्या तळापर्यंत. तिथं लोखंड आहे."

"माझ्या बाजूला भिंत होती की," त्रिशला म्हणाली. "मी थांबले का भिंतीत?"

हॉलमधून खोकल्याचा आवाज आला, फार बारीक, आणि मग आला नाही. त्रिशलानं आत पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं स्वतःच दरवाजा वर उचलून धरला.

तो आत चढला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसला. कडेला दोन रबरी गुटके असतात, दरवाजा बसताना त्यावर टेकतो. ते फिरवले की आत-बाहेर होतात. खाली मध्यावर कडी असते, तिचे दोन स्क्रू. हे सगळं आतून करायचं, कुणी बाहेरून दाबून धरलेलं असताना. उजेड कुठून येतो ते आतूनच दिसतं.

"वर ढकल," तो म्हणाला. "आणि सोडू नको."

त्रिशलानं दरवाजा खाली आणला, खालच्या कडेला दोन्ही हात लावले, आणि सगळा भार देऊन वर रेटला. वरची उजेडाची पट्टी बारीक होत गेली. त्यानं बिजागऱ्यांचे बोल्ट आतून, आडवं होऊन, आवळले. या वेळी ते आवळले गेले. शेवटचा पीळ बसला तेव्हा हॉलमध्ये खुर्ची करकरली.

"आजोबा आले," चंदनाचा आवाज आला. "आई, आजोबा आले खाली. खुर्चीत आहेत. पाणी मागालेत."

त्रिशला काचेतून त्याच्याकडं बघत होती. ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. भरतेशला बरं वाटलं. त्यानं खाली पाहिलं. खालच्या कडेनं उजेडाची रेघ होती, लांबलचक, सरळ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी. त्यानं कडीचे स्क्रू सैल केले, कडी बोटानं दाबली. रेघ बारीक झाली. डावा गुटका फिरवला, उजवा फिरवला. रेघ धाग्याएवढी झाली.

"बसालंय का?" त्रिशलानं विचारलं.

"बसालंय."

मग ती रेघही गेली. खटका बसल्याचा आवाज झाला, नव्या गाडीचा होतो तसा, मऊ. डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, कुठूनच उजेड येत नव्हता. फक्त काच तेवढी उजेडाची होती आणि काचेत त्रिशला होती.

गाडी होती तिथंच होती. त्याला काहीच सरकल्यासारखं वाटलं नाही. पोर्चच वर जायला लागला होता. आधी काचेत त्रिशलाचा चेहरा होता. मग तिचा गळा दिसला, मग कमरेला खोचलेला पदर, त्यावर पिठाचे डाग. मग साडीच्या निऱ्या. मग तिची पावलं, जोडव्यांसकट, आणि त्यांच्याखाली फरशी, फरशीखाली सिमेंटचा थर, त्याखाली खडी, त्याखाली काळी माती. माती काचेला लागून सावकाश वर चालली होती. तिच्यात एक जुनं, गंजलेलं बिजागर होतं. तेही वर गेलं.

"त्रिशला," तो म्हणाला.

ती वर त्याच्या चेहऱ्याकडंच बघत असणार, गाडीच्या काचेत दिसणाऱ्या. पण तिला अनुभव होता. तिनं त्या चेहऱ्याला हात लावून पाहिला असावा, कारण वर काचेवर टकटक झाली, एकदाच. मग तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला, फरशीवर टेकल्याचा. मग ती पालथी पडली. आणि फरश्यांमध्ये पडलेल्या फटीतून, वरच्या मातीतून तिचा हात खाली आला, बोटांपासून मनगटापर्यंत, मनगटापासून कोपरापर्यंत, चाचपडत, जरा डावीकडं, जरा उजवीकडं. बांगड्यांत माती अडकली होती. बोटं काचेवरून घसरली, काचेच्या कडेला आली, तिथून खाली सरकली आणि दरवाज्याच्या मुठीवर थांबली.

"उघडू का?" तिचा आवाज आला.

तिच्या पलीकडं, फार वर, फरशीवर पावलं वाजत होती. एक जोडी हळू चालत होती, काठीचा आधार घेत. दुसरी तिच्याबरोबर, थांबत थांबत. अण्णांचं पाणी पिऊन झालं होतं. चंदना काहीतरी सांगत होती आणि ते हसत होते. दरवाजा उघडला की फट पुन्हा त्यांच्यातल्या कुणाकडं तरी जाणार होती.

भरतेशनं काचेला आतून तळहात लावला. तिची बोटं मुठीभोवती वळली. वर तिच्या दंडाच्या चारी बाजूंनी पोर्चच्या फरश्या एकमेकींकडं सरकत होत्या, आणि त्यांचे सांधे अगदी गुण्यात जुळत येत होते.